ओकेचा फुल फॉर्म नको, जन्मतारीख छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर 'तुम्हाला माहीत आहे का' म्हणून जी चौकट येते, त्यात यावेळी तुम्ही 'ओके' या शब्दाचा फुल फॉर्म दिलाय. अमेरिकेतल्या यादवी युद्धात म्हणे संध्याकाळी छावणीवर पाटी लावायचे, आज आपली किती माणसं गेली त्याची, आणि ज्या दिवशी कोणीच गेलं नाही त्या दिवशी 'झिरो किल्ड' म्हणून नुसतं शून्य आणि के लिहायचे, मग त्या शून्याचा पुढे ओ झाला आणि झालं ओके. वाचायला झकास आहे. हीच गोष्ट आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून फिरत असते, खाली दोन हात जोडलेले आणि 'शेअर करा, ज्ञान वाढवा'. आता ग्रुपवर कोणी काय टाकावं याला इलाज नाही, पण छापील पेपरात आलं की माणूस ते खरं धरतो हो, कात्रण काढून ठेवतो, पोरं शाळेच्या प्रोजेक्टच्या वहीत चिकटवतात, म्हणून हे पत्र. लांब झालंय याची कल्पना आहे, काटछाट करा पण तारखा तेवढ्या राहू द्या.

कारण सगळी गंमत तारखेतच आहे. यादवी युद्ध झालं १८६१ ते १८६५. आणि ओके हा शब्द त्याच्या बावीस वर्षं आधी पेपरात छापून आलेला आहे, अर्थासकट. म्हणजे पाटीची गोष्ट तिथेच बाद.

तो पेपर म्हणजे 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट', तारीख २३ मार्च १८३९, वार शनिवार, पान दुसरं. संपादकाचं नाव चार्ल्स गॉर्डन ग्रीन, १८३१ला त्यानेच तो पेपर काढलेला. त्या दिवसात बॉस्टनमध्ये 'अँटी बेल रिंगिंग सोसायटी' नावाचं एक टवाळ मंडळ होतं, जेवणाच्या घंटा वाजवण्याबद्दल गावच्या कौन्सिलने काहीतरी नियम केला होता त्याची टर उडवायला काढलेलं. या मंडळींच्या एका सहलीबद्दल शेजारच्या प्रॉव्हिडन्स गावच्या पेपरने काही खोचक छापलं, त्याला ग्रीनने उलट टोला हाणला, आणि त्या टोल्यात एका जागी ओ.के. लिहून पुढे रेघ मारून 'ऑल करेक्ट' असा अर्थ दिला. एवढंच. एका संपादकाने दुसऱ्या संपादकाची केलेली चेष्टा. जगातला बहुतेक सगळ्यात जास्त बोलला जाणारा शब्द एका पेपरवाल्याच्या टवाळीतून आला, आणि साहेब तुम्ही पेपरवाले असून ही गोष्ट सोडून छावणीतल्या पाटीची छापता, याचं जास्त वाईट वाटलं.

आता यात विनोद काय ते नीट बघायला पाहिजे. ऑल हा शब्द ए ने सुरू होतो आणि करेक्ट हा सी ने. म्हणजे 'सगळं बरोबर' याचा शॉर्टफॉर्म करताना दोन्हीच्या दोन्ही अक्षरं चुकीची घेतलेली, मुद्दाम. अडाणी माणूस कसा लिहील, तर 'ओल कोरेक्ट', त्याचं ओ.के. आणि हे एकट्या ग्रीनचं डोकं नव्हतं, बॉस्टनच्या पेपरात १८३८च्या उन्हाळ्यापासून असल्या शॉर्टफॉर्मची साथच आली होती. ऑल राइटचं स्पेलिंग बिघडवून ओ.डब्ल्यू., नो गो चं 'नो' हे 'जाणणे' वालं नो करून के.जी., नो यूजचं के.वाय., इनफ सेडचं एन.सी. आज आपली पोरं 'जे१ झालं का' लिहितात ना, जेवण चा जे आणि पुढे 'वन'साठी एकचा आकडा, डिट्टो तोच प्रकार. मराठी मास्तर लोक कपाळाला हात लावतात पण ही टिंगल नवी नाही, दोनशे वर्षांपूर्वीच्या बॉस्टनचे संपादक हेच करत होते आणि ते चांगले शिकलेले होते. आणि आपल्याकडे तरी शॉर्टफॉर्मचं वेड कुठे कमी होतं, वर मी स.न.वि.वि. लिहिलंय, जुन्या पत्रात कृ.सा.न.वि.वि. असायचं, सौ., चि., ता.क., रा.रा., हे सगळं पाठ असल्याशिवाय पोस्टकार्ड वाचता यायचं नाही. फरक एवढाच की आपलं सगळं आदबशीर आणि त्यांचं टवाळखोर.

मग प्रश्न येतो की बाकीची सगळी पिल्लं मेली, हे एकच कसं जगलं. ओ.डब्ल्यू. आज कोणाला माहीत नाही. तर नशीब, आणि निवडणूक. १८४०ला अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती, मार्टिन व्हॅन ब्यूरन हे आठवे अध्यक्ष दुसऱ्यांदा उभे होते, त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक. त्यांना 'ओल्ड किंडरहूक' म्हणायचे, म्हणजे किंडरहूकचे दादासाहेब म्हणा ना. कार्यकर्त्यांनी न्यूयॉर्कमध्ये ओ.के. क्लब काढला, घोषणा ओ.के.ची, दोन्ही अर्थ एकात, आपला माणूस आणि सगळं ठीक. झालं, विरोधकांनी तेच उचललं आणि 'आउट ऑफ कॅश' मधल्या कॅशला सी ऐवजी के लावून फिरवलं, कारण मंदी चालू होती. कोणी ओ.के.चं 'ऑर्फुल कॅलॅमिटी' म्हणजे भयानक संकट केलं, तेही स्पेलिंग बिघडवून. आपल्याकडे कसं एकाच्या घोषणेला यमक जुळवून दुसरा सभेत परत मारतो, तसलंच. व्हॅन ब्यूरन पडले, विल्यम हेन्री हॅरिसन आले, पण ओके गावोगाव पोचला तो पोचलाच.

त्याच धामधुमीत एक पुडी सुटली. व्हॅन ब्यूरनच्या आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन, त्यांना स्पेलिंग येत नाही अशी ख्याती होती, तर विरोधी पेपरांनी छापलं की जॅक्सनसाहेब फाइल मंजूर करताना 'ओल कोरेक्ट' समजून ओ.के. असा शेरा मारायचे. चक्क बनाव, पण इतका गोड की पुढे शंभर वर्षं लोक तोच खरा मानत राहिले, आणि पुरावा म्हणून टेनेसीच्या एका कोर्टाच्या दप्तरातली १७९०ची नोंद दाखवायचे. ती नंतर नीट वाचली तर ते ओ.के. नव्हतंच, ओ.आर. होतं, म्हणजे 'नोंद करावी असा हुकूम'. आपल्याकडे मोडी वाचताना होतं तसं, एक फाटा इकडचा तिकडे झाला की जमीन दुसऱ्याच्या नावावर.

हे सगळं उकरून काढलं ॲलन वॉकर रीड या गृहस्थांनी, कोलंबिया विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते, २००२ला वारले. माणूस जुने पेपर अक्षरशः पानन् पान चाळत बसायचा. १९४१ला त्यांनी ओ.के. क्लबपर्यंतचा माग लावला, आणि मग १९६३ आणि १९६४मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात ओळीने लेख लिहून थेट त्या शनिवारच्या अंकापर्यंत जाऊन पोचले. मला या माणसाचं फार कौतुक आहे. कारण त्यांनी नुसतं 'माझ्या मते' केलं नाही, आधी कुठे आला, मग कोणत्या गावात आला, मग अर्थ सांगायची गरज कधी संपली, अशी साखळी लावली. सुरुवातीच्या अंकात ओ.के. पुढे अर्थ छापायला लागायचा, नंतर नंतर नाही, म्हणजे तोवर वाचणाऱ्याला कळायला लागलं होतं. हा खरा पुरावा. 'एका जुन्या पुस्तकात असं म्हटलंय' हा पुरावा नाही.

मी पुराव्याचं एवढं लावून धरतोय कारण माझा जन्म त्यात गेला. भोसरीला मशीन शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर होतो, रिटायर होईपर्यंत रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओके आणि रिजेक्ट याशिवाय तिसरा शब्द नाही. आणि मला विचाराल तर ओकेचा खरा अर्थ डिक्शनरीपेक्षा शॉप फ्लोअरवर जास्त चांगला कळतो.

लेथवर सेटिंग बदललं की सेटर पहिला जॉब, म्हणजे बनवलेला पार्ट, काढून आणतो, त्याला फर्स्ट पीस म्हणतात. गरम असतो, कूलंट गळत असतं, तो फडक्याने पुसून टेबलावर ठेवतो आणि उभा राहतो, कारण इन्स्पेक्शनचा ओके मिळाल्याशिवाय मशीन चालू करता येत नाही. समजा ड्रॉइंगवर व्यास २५ मिलिमीटर लिहिलाय आणि पुढे प्लस मायनस ०.०२. मायक्रोमीटर लावला, २४.९८ आला तर ओके. २५.०२ आला तरी ओके. २५.०३ आला की लाल बिन किंवा परत मशीनवर. बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, प्लग गेज, एका टोकाला गो, दुसऱ्याला नो गो, गो आत गेला पाहिजे आणि नो गो आत जाता कामा नये. दोन्ही झालं की ओके. आता बरोब्बर २५.०० असलेला जॉब आणि काठावर लटकलेला २४.९८चा जॉब, दोघांनाही शिक्का एकच. ओके म्हणजे उत्तम नाही, ओके म्हणजे चालेल. त्यात शाबासकी नाही आणि शिवीपण नाही. नवीन पोरं यायची इंजिनिअरिंग करून, त्यांना वाटायचं ओके म्हणजे काम भारी झालं, त्यांना हे समजवायला वेळ जायचा.

आणि ओकेच्या पोटजाती किती. जॉब जरा बाहेर आहे पण फिटिंगला अडत नाही, गाडी कस्टमरच्या गेटवर उभी आहे, मग वरून सही येते 'डेव्हिएशनवर ओके'. म्हणजे यावेळी चालवून घेतो, पुढच्या वेळी नाही. मग 'व्हिज्युअली ओके', म्हणजे मी मोजलेलं नाही फक्त बघितलंय, पुढे काही झालं तर माझ्यावर येऊ नका. आणि एक 'तोंडी ओके', जो सगळ्यात डेंजर, कारण तो देणारा शिफ्ट संपली की सापडत नाही. जपानी पद्धतीच्या कंपन्यांमध्ये ओकेच्या उलट 'एनजी' असतं, नो गुड. दोन ट्रे, एकावर ओके एकावर एनजी, भाषा येवो न येवो माल चुकीच्या ट्रेमध्ये जात नाही.

इंग्रजीचे प्रोफेसर पण फिरून फिरून हेच सांगतात की हा शब्द होकार देतो पण मत देत नाही. पिक्चर कसा होता? ओके होता. म्हणजे पैसे वाया गेले नाहीत पण परत बघणार नाही. उद्या सहाला निघायचं? ओके. म्हणजे निघू, आनंदाने का नाइलाजाने ते विचारू नका. पडला का रे, ओके आहेस ना? इथे माणूस शाबूत आहे का एवढाच प्रश्न. ओके, तर आपण काय बोलत होतो, इथे नुसता विषय बदलायला. क्रियापद करा, साहेबांनी बिल ओके केलं. नाम करा, वरून ओके आला का. आणि मुलाला दोन पानी मेसेज लिहा, तब्येत, लाइटबिल, मामाच्या पोरीचं लग्न, सगळं, उत्तर येतं 'ओके'. हल्ली तर ते पण नाही, नुसता 'के'. ओ पण गेला.

पण साहेब, हे सगळं काम मराठीत आधीपासून करणारा एक शब्द आहेच, 'बरं'. बरं, निघतो मी. बरं, मग काय ठरलं. बरंय, चालू द्या. पिक्चर बरा होता. आता बरं वाटतंय का. एकेक करून लावून बघा, ओकेच्या जवळजवळ प्रत्येक जागी बरं चपखल बसतो, तोच उदासीनपणा, तीच मोघम मान्यता. तरी आपण ओके घेतला आणि असा घेतला की कोणाला तो परका वाटत नाही. माझा आपला एक अंदाज, हाक मारली की आपण 'ओ' देतोच, त्यामुळे अर्धा शब्द तोंडात तयार होता. हे मी गमतीत म्हणतोय हं, उद्या चौकटीत छापाल की ओके मराठी आहे म्हणून.

कारण नेमकं असंच होतं सगळीकडे. ग्रीक माणूस म्हणतो आमचं 'ओला काला', सगळं छान, त्याच्यावरून आला. स्कॉटिश म्हणतो आमचं 'ऑख आय'. फिनलंडवाल्याकडे 'ओइकेआ', म्हणजे बरोबर. पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेत 'वाव के' आहे आणि गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर तो अमेरिकेत गेला असं म्हणणारे अभ्यासक आहेत, त्यांचं म्हणणं बाकीच्यांपेक्षा विचार करण्यासारखं आहे, पण रीडने दाखवली तशी कागदाची साखळी त्यात नाही. अमेरिकेतल्या मूळच्या रहिवासी चोक्टॉ लोकांच्या भाषेतला 'ओके' सारखा शब्द तर अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना इतका पटला होता की ते फाइलींवर चोक्टॉ धर्तीचं लांब स्पेलिंग करून ओके लिहायचे. ऑरिन केंडल बिस्किटांच्या खोक्यावरची अक्षरं, अशी पण एक गोष्ट आहे, ती बिस्किटं परत त्या यादवी युद्धातल्या सैनिकांची, म्हणजे तारखेत मार खाल्ला. आणि आपल्या इंडियन नेटवर जोरात चालणारा 'ऑब्जेक्शन किल्ड', त्याला तर शेंडा ना बुडखा.

कानाला सारखं लागतं म्हणून नातं जोडायचं तर मग मराठीत 'ओकणे' आहे की. माझी आजी खरंच, आम्ही पोरं ओके ओके करायला लागलो की म्हणायची, ओकायचं तर मोरीत जा. मोल्सवर्थच्या कोशात पण ओकणे सापडेल, पहिली आवृत्ती १८३१ची, म्हणजे बॉस्टनच्या आठ वर्षं आधी. घ्या, तारखेत पण बसतं. म्हणून काय आजीचं खरं मानायचं?

आपल्याकडच्या ओकेची गंमत वेगळीच आहे, तीच छापली असती तर जास्त बरं झालं असतं. ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' आपण सगळे बघत आलो. यातल्या ओकेवर तर किती कथा. कोणी म्हणतं दुसऱ्या महायुद्धात गाड्या रॉकेलवर चालायच्या, म्हणून 'ऑन केरोसीन', मागच्याने सांभाळून राहावं. कोणी म्हणतं ओके नावाच्या साबणाची ती जाहिरात होती. कोणी म्हणतं ओव्हरटेकचं काहीतरी झिजून झिजून ओके राहिलं. सगळ्या सांगणाऱ्यांना एकच विचारा, फोटो आहे का त्या काळातला? विषय बदलतात लगेच. जे पक्कं आहे ते एवढंच की २०१५ साली आपल्या राज्याच्या परिवहन आयुक्तांनी गाड्यांवर हे लिहायला बंदी घातली, कारण हे वाचून लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. त्यानंतर पुणे नाशिक हायवेला आठवडाभर उभं राहा आणि मोजा किती ट्रकवरून ते पुसलं गेलं ते. पेंटरने ओके मध्ये काढायचं, बाजूला दोन शब्द, खाली लिंबू मिरची, ती सवय परिपत्रकाने जात नाही.

आणि मग २०२२चा जून. राजकारणाचं सोडून द्या, कोण कुठल्या बाजूचा ते मला या पत्रात आणायचंच नाही, पण सांगोल्याचे त्यावेळचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीवरून फोनवर बोलले, काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, आणि सगळं ओक्केमध्ये, ते ऐकून महाराष्ट्र हसला तरी भाषेच्या दृष्टीने ते जबरदस्त होतं. मुळात 'ओक्के'. क वर जोर देऊन, जोडाक्षर करून, म्हणजे चालेल वालं ओके नाही, एक नंबर वालं. आणि त्याला 'मध्ये' लावलं. घरामध्ये, गाडीमध्ये, तसं ओक्केमध्ये. इंग्रजाला हे सुचणार नाही. त्याच्याकडे माणूस ओके असतो, आपल्याकडे माणूस ओक्केच्या आत जाऊन बसतो. दोन महिन्यांनी पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी 'पन्नास खोके, एकदम ओके' सुरू केलं, आणि आता बघा, १८४०ला न्यूयॉर्कमध्ये ज्या शब्दाची निवडणुकीत अशीच ओढाताण झाली, एक बाजू मिरवते आणि दुसरी त्याचाच टोमणा करते, तोच शब्द पावणेदोनशे वर्षांनी मुंबईत परत त्याच कामाला. यावर तुमच्या राजकीय पानावर एक लेख झाला असता राव.

१८४०च्या निवडणुकीनंतर तिकडे अमेरिकेत या शब्दाला तारायंत्राने सांभाळलं. १८४४ला मोर्सची वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार सुरू झाली, मग रेल्वेच्या बाजूने तारा पसरत गेल्या, आणि संदेश पोचला, कळला, हे सांगायला तारमास्तरांना दोन अक्षरात काम भागवणारं काहीतरी पाहिजेच होतं. त्यातून चेष्टेचा वास निघून गेला आणि तो कामाचा शब्द झाला. पुढे १९६१च्या मेमध्ये ॲलन शेपर्ड अवकाशात जाऊन आला तेव्हा नासाच्या प्रवक्त्याने 'ए ओके' असं करून सगळ्या जगाला ऐकवला.

कॉम्प्युटरवरच्या ओके बटणाची गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. ॲपलवाले लिसा नावाचा कॉम्प्युटर बनवत होते, तो १९८३ला आला. त्यात आधी बटणावर 'डू इट' लिहिलं होतं, म्हणजे कर. साध्या लोकांना बसवून टेस्ट घेतली तर लोक वैतागायला लागले, एकजण म्हणाला हा कॉम्प्युटर मला 'डोल्ट' का म्हणतोय. डोल्ट म्हणजे मठ्ठ. दोन शब्द चिकटून आले होते आणि त्या टायपात कॅपिटल आय हा एल सारखा दिसत होता, म्हणून डू इट चं डोल्ट. शेवटी ते काढून ओके टाकलं. आमच्याकडे याला फील्ड ट्रायल रिजेक्शन म्हणतात, आणि अशा वेळी ऑपरेटरला शिव्या घालायच्या नसतात, ड्रॉइंग बदलायचं असतं, ते त्यांनी बदललं.

हाताच्या खुणेचं थोडक्यात. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करतात ती. तारकर्लीला स्कूबाला गेलात तर पाण्यात जायच्या आधी शिकवतात, सगळं ठीक असेल तर ही खूण, अंगठा वर करायचा नाही, कारण अंगठा वर म्हणजे मला वर न्या. हौशी लोक बरोबर तेच करतात, खूश होऊन अंगठा दाखवतात आणि फिरणं अर्धवट सोडून वर येतात. जपानमध्ये हीच खूण पैशाची, ब्राझीलमध्ये शिवी, आणि अमेरिकेत २०१७ला नेटवरच्या टवाळ पोरांनी पुडी सोडली की ही गोऱ्या वर्णवाद्यांची खूण आहे, मग त्या लोकांनी ती खरंच वापरायला घेतली आणि २०१९ला अँटी डिफेमेशन लीग या संस्थेने तिला द्वेषाच्या चिन्हांच्या यादीत टाकलं. एका पुडीतून अर्थ कसा तयार होतो ते यात दिसतं, आणि म्हणूनच चौकटीत काय छापता ते बघा असं म्हणतोय.

तर विनंती अशी. एक, दुरुस्ती छापा, त्याच जागी, त्याच आकाराची, आतल्या पानात दोन ओळीत नको. दोन, ही चौकट जो कोणी भरतो त्याला सांगा की शब्दाची गोष्ट टाकताना खाली साल टाकायचं, पहिल्यांदा छापून आल्याचं, आणि साल मिळत नसेल तर त्या जागी सुडोकू टाका. तीन, तुमचा पेपर जुना आहे, अंक बांधून ठेवलेले असतील. एखाद्या नवीन पोराला बसवा आणि मराठीत 'ओके' पहिल्यांदा कधी छापून आला ते शोधून काढा, बातमीत का जाहिरातीत का सिनेमाच्या पानात, आणि त्या कात्रणाचा फोटो तारखेसकट छापा. वाचकांना पण आवाहन करा, घरात जुनी मासिकं पडलेली असतात. मी माझ्याकडची बघायला घेतली आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला एक जुना वाचक,
भोसरी, पुणे

ता.क. पुढच्या रविवारी 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ असं छापायचं मनात असेल तर थांबा. तो 'न्यू' म्हणजे नवीन याचंच अनेकवचन आहे, नवीन गोष्टी या अर्थाचं, आणि स्पेलिंग एकसारखं व्हायच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे, तेव्हा चार दिशांची अक्षरं जुळवायचा प्रश्नच येत नाही. तसंच 'पॉश', विलायतेहून मुंबईला जाणाऱ्या पी अँड ओ बोटीत जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन घेणाऱ्या श्रीमंतांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' याचा तो शिक्का असायचा म्हणतात. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कोणाला दाखवता आलेलं नाही. ते पण राहू द्या.